धडधाकट हाताचा हिशेब

वकिलीत पायांचे काम काय, असा प्रश्न ज्यांना पडत असेल त्यांनी एखाद्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात सकाळी अकराच्या सुमारास जाऊन उभे राहावे. एका मजल्यावर जामिनाचा अर्ज, दुसऱ्यावर दिवाणी दाव्याची तारीख, तळाशी नकलांची खिडकी, आणि पुकारा मात्र सगळीकडे एकाच वेळी, अशी तेथील रीत असते. बालपणीच्या पोलिओने डावा पाय निकामी आणि उजवा अशक्त झालेला मी या आवारात लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर आणि दोन कुबड्या यांच्या आधाराने उभी हयात वावरलो, दिवाणी कामांत बऱ्यापैकी नाव मिळवले, वहिवाटीच्या तंट्यांत जागेच्या पाहणीसाठी अशिलांबरोबर शेतांचे बांधही तुडवले, आणि त्यांतले काहीच वाया गेले असे मला वाटत नाही. परंतु या साऱ्या उद्योगाची किंमत माझ्या पायांनी नव्हे तर खांद्यांनी आणि मनगटांनी चुकती केली, ही गोष्ट जिद्दीची प्रशस्ती गाणारी मंडळी सहसा सांगत नाहीत, म्हणून ती सांगणे मला अगत्याचे वाटते.

पन्नाशी उलटल्यावर जिना चढताना माझा उजवा हात, जो तोवर सर्वांत विश्वासू अवयव होता, थरथरू लागला. हिवाळ्यात बोटे गारठून लेखणी धरवेना. आणि दुपारनंतर असा थकवा येई की उलटतपासणीतला पुढचा प्रश्न मनात तयार असूनही तो विचारण्याचे त्राण उरत नसे. एका डॉक्टरांनी वयोमानावर बोट ठेवले, दुसऱ्यांनी व्यायाम वाढवण्यास सांगितले, आणि त्या वाढीव व्यायामाने हात अधिकच दुबळा झाला. पुढे एका पुनर्वसनतज्ज्ञाने रक्तक्षय, थायरॉइड आणि मणक्याचे विकार एकेक करून निकालात काढले आणि पोलिओपश्चात विकाराचे निदान केले.

त्याची उपपत्ती अशी. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील, स्नायूंना चालना देणाऱ्या चेतापेशींचा नाश करतो. बचावलेल्या पेशी नव्या शाखा फोडून निराधार स्नायुतंतूंचा कारभार आपल्याकडे घेतात, आणि रोगी सुधारल्यासारखा दिसतो. रिकाम्या जागा न भरता एकाच कारकुनाकडे चौघांचे दफ्तर सोपवावे, तसा हा बंदोबस्त असतो. तो कित्येक दशके बिनतक्रार चालतो आणि मग त्या जादा शाखा गळू लागतात. ज्या हाताला आपण धडधाकट म्हणतो त्यालाही लहानपणी झळ लागलेली असू शकते, ती दिसत नाही इतकेच. भारतात नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा अखेरचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत नोंदला गेला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. त्यामुळे तरुण डॉक्टरांच्या पाहण्यात हा रोग फारसा येत नाही, पण तो भोगलेली आमची पिढी अद्याप शिल्लक आहे आणि तिला आपला पूर्वेतिहास आपणच सांगावा लागतो.

तेव्हा महत्त्वाकांक्षा बाळगणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनी ती खुशाल बाळगावी, परंतु श्रमाची मर्यादा लोकांच्या शाबासकीवरून न ठरवता दुसऱ्या दिवशीच्या सकाळवरून ठरवावी. आदल्या दिवशीचा शीण रात्रीच्या झोपेनेही उतरला नसेल, तर तेवढे श्रम जास्त झाले असे समजावे, आणि गळून जाण्यापूर्वीच विश्रांती घ्यावी. कुबडीचा भार तळव्यांवर घ्यावा, काखेवर कदापि नव्हे. काखेतली नस दबून मनगट लुळे पडल्याची उदाहरणे आहेत. कुबडीच्या तळाचे रबरी बूच झिजले की त्याच दिवशी बदलावे. ओल्या फरशीवर त्याची कसर हाडांनी भरून द्यावी लागते.

लांबच्या फेऱ्यांसाठी चाकाची खुर्ची घ्यावी, हा सल्ला मला सर्वांत जड गेला आणि इतरांनाही जाईल, कारण आपल्या समाजात कुबडीवर चालणारा शूर आणि खुर्चीत बसलेला हरलेला अशी एक वेडगळ समजूत रूढ आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जायबंदी झाले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्याचे सुवर्णपदक पटकावले. त्यांच्या खुर्चीला शरणागती म्हणण्याची कोणाची छाती आहे? खुर्चीने वाचवलेले बळ मी आज युक्तिवादात खर्च करतो, आणि तो, प्रतिपक्षाचे वकील काहीही म्हणोत, पूर्वीपेक्षा लांबतो.

कोणतीही शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञाला बालपणीचा पोलिओ आपण होऊन सांगावा, कारण अशा रुग्णांवर भुलीचा आणि गुंगीच्या औषधांचा अंमल अधिक तीव्र होऊ शकतो, श्वासावरही परिणाम संभवतो.

उरला जिना. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या बाराव्या कलमाने न्यायालयापर्यंत विनाभेदभाव पोहोचण्याचा हक्क दिलेला आहे, आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी पंचेचाळिसाव्या कलमाने नियम जारी झाल्यापासून पाच वर्षांची मुदत घातली होती. ती केव्हाच संपली. म्हणून आपले काम तळमजल्यावर चालावे अशी विनंती करण्यात कोणाची मेहेरबानी मागितली जाते असे मानू नये. तोंडी आर्जवे करीत बसण्यापेक्षा कलमाच्या हवाल्यासह लेखी अर्ज करावा, सोबत दिव्यांगत्वाच्या दाखल्याची नक्कल जोडावी, आणि दुय्यम प्रतीवर तारखेसह पोच घेतल्यावाचून कचेरी सोडू नये.