केबिनच्या काचांना रोलर पडदे

प्रश्न : जुन्या ट्रॅव्हलरची कॅम्परव्हॅन करून घेतली आहे. रात्री झोपण्यासाठी केबिनच्या काचांना रोलर पडदे कसे बसवावेत?

उत्तर : ड्रिल हातात घेण्याआधी पुठ्ठ्याचा साचा कापा. केबिनच्या दाराची काच क्वचितच चौकोनी असते. तिला सरळ पडदा लावला की पुढच्या कोपऱ्यात तिकोनी फट राहते, आणि ढाब्याचा दिवा नेमका तिथूनच डोळ्यांवर येतो. तेवढ्यापुरता कापडाचा तुकडा वेल्क्रोने चिकटवा.

समोरची काच तिरकी, पडदा मात्र ओळंब्यासारखा लोंबतो. दोन्ही बाजूंना ताणलेली तार नसेल तर तो स्टिअरिंगवर येऊन बसतो. मी तर समोर रोलर लावतच नाही. चंदेरी फोमची घडीची शीट पुरते.

खांबांच्या आवरणामागे वायरिंग असतं, काही गाड्यांत एअरबॅगही. तिथे स्क्रू अजिबात नको.

निघण्यापूर्वी सगळे पडदे पूर्ण वर गुंडाळा. समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जावा, असा नियम आहे. शिवाय पडदा खाली राहिला तर बाजूचा आरसाच दिसणार नाही.