आधी वासराचा वाटा



वाचक सज्जनहो, गेल्या कार्तिकी वारीत आम्ही रेणापूरच्या मंडळींबरोबर चालत होतो. दिंडीत एक तरुण होता. नोकरी पुण्यास, आणि घरची आजी बरोबर. विसाव्याला तो आमच्याजवळ बसला व म्हणाला, “महाराज, माळ घातली तेव्हाच मांस-मद्य सुटलं. आता मी दूध, दही, तूपही सोडलंय. मग पौर्णिमेला गोपाळपुरात काल्याचा प्रसाद घ्यावा का नाही?”

आजी शेजारीच होती. ती म्हणाली, “बगा की महाराज, काय शिकून आलंय लेकरू! परसादाला कुणी नाही म्हणतंय का?”

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. दोघांचेही अंतःकरण शुद्ध होते. हा प्रश्न आता गावोगावच्या घरांतून येऊ लागला आहे, म्हणून आज तो सविस्तर मांडतो.

या आचाराला ‘व्हीगन’ असे नाव आहे. १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन व त्यांचे सोबती यांनी हा शब्द योजिला आणि त्या नावाची संस्था काढली. मांस, मासे, अंडी यांबरोबर दूध, लोणी, तूप, मध हेही ही मंडळी घेत नाहीत. मुक्या जिवाकडून काही हिरावून घेऊ नये, हा त्यांचा हेतू. शब्द परका खरा. पण हेतू आपल्याला परका आहे काय? ज्या नाथमहाराजांनी रामेश्वरासाठी आणलेले गंगोदक तहानेल्या गाढवाच्या मुखी घातले असे आपण कीर्तनात सांगतो, ते नाथ आपल्याच मराठवाड्यातल्या पैठणचे.

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. सांगताना लाज वाटते, पण सांगितली पाहिजे.

पस्तीसेक वर्षे झाली. रेणापूरच्या पलीकडे एका लहान गावी आमचे कीर्तन होते. दिवस चैत्राचे, वैरण संपत आलेली. निरूपणाचा विषय भूतदया. मंडळी रंगली, आम्हीही रंगलो. कीर्तन झाल्यावर यजमानीण बाईंनी साखर-जायफळ घातलेले आटीव दूध आणून दिले. पेला मोठा होता. आपला मान झाला असे वाटून आम्ही तो रिकामा केला. पहाटे तोंड धुवायला गोठ्यापाशी गेलो, तर वासरू दावे चाटीत उभे होते. बरगड्या मोजून घ्याव्यात असे. घरातली सहा-सात वर्षांची पोर तिथे होती. तिला विचारले, “याला काय झालं गं माय?” ती म्हणाली, “काल त्याला पिऊच दिलं नाही. आई म्हणली, महाराज येणारेत.”

घटकाभर भूतदया सांगणाऱ्याने वासराचे दूध पिऊन टाकले होते! यजमानीण बाईंचा दोष नाही. अतिथी हा देव, असे तिला आम्हीच शिकविलेले. त्या दिवसापासून आम्ही कोणाकडे दूध मागत नाही. पुढे आलेच तर आधी विचारतो, “वासरू पोटभर प्यालं का?” पुष्कळ ठिकाणी लोक हसतात. काही ठिकाणी घरची बाई खाली बघते. तिथे पेला परत जातो.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात सनत्कुमार नारदांना सांगतात की आहार शुद्ध झाला म्हणजे अंतःकरण शुद्ध होते. ज्या नारदांच्या गादीवर आम्ही उभे राहतो, त्यांनाच हा उपदेश झालेला आहे. तेथील ‘आहार’ शब्दाचा अर्थ श्रीशंकराचार्य इंद्रियांनी घेतलेले विषय असा करतात. श्रीरामानुजाचार्य खाण्याचे अन्न असा करतात. दोन्ही अर्थ आपल्या कामाचे आहेत. पान शुद्ध असून डोळ्याला शेजारच्या जिवाची भूक दिसत नसेल, तर आहारशुद्धी अर्धीच झाली.

गीतेच्या सतराव्या अध्यायात आठ ते दहा या श्लोकांत आहाराचे तीन प्रकार आहेत. आयुष्य, बळ, आरोग्य, संतोष वाढविणारा, रसाळ, स्निग्ध, मनाला रुचणारा तो सात्त्विक. अति कडू, आंबट, खारट, तिखट, जळजळ करणारा तो राजस. शिळा, नीरस, दुर्गंधी, उष्टा तो तामस. (आमचा मिरचीचा ठेचा यांत कुठे बसतो हे वाचकांनीच ठरवावे.) ‘स्निग्ध’ म्हटले की आपण तूप समजतो. परंतु श्लोकात तुपाचे नाव नाही. स्निग्धता तिळात आहे, शेंगदाण्यात आहे, आपल्या करडईत आहे.

आणि रेणापूर-लातूर भागातली चूल पाहा. तीन हिस्से स्वयंपाक दुधावाचूनच होतो. ज्वारीची भाकरी गरम पाण्यात पीठ मळून होते. तुरीचे वरण, बेसनाचे पिठले, शेंगदाण्याची आमटी, अंबाडीची भाजी, यांत दुधाचा थेंब नाही. जवस, कारळे, तीळ यांची चटणी आणि वर करडईच्या तेलाची धार. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर हिंग-जिऱ्याची फोडणी. एकादशीची भगर आणि दाण्याची आमटी शेंगदाण्याच्या तेलातही होते. गव्हाची खीर गुळात शिजते. वरून दूध न घेता ओले खोबरे घालावे. पुरणपोळीला गुळवणी आणि कटाची आमटी आहेच. अडते ते फक्त चहाला! त्याला कोरा चहा किंवा गवती चहाचा गुळाचा काढा हा उपाय.

मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येची भज्जी आठवा. हरभऱ्याचा पाला, तुरीचे ओले दाणे, वाटाणा, पावटा, मेथी, जे शेतात असेल ते शिजवायचे, चिंचेचे पाणी आणि बेसन लावून घोटायचे. सोबत बाजरीचे वाफवलेले उंडे. आंबिलीला मात्र आपण ताक घालतो. ताक नको असेल तर ज्वारीचे पीठ पाण्यातच आंबट वास येईतो ठेवावे, मग शिजवून, निववून मीठ, जिरे, कोथिंबीर घालावी. त्या दिवशी शेतावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही कोपीपाशी जेवायला बसवितात. दुधातुपाच्या श्रीमंतीवाचून एवढा मोठा सण होतो!

आता एक इशारा. भक्तीच्या भरात शरीराची हेळसांड नको. ज्वारीत लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो तुरीच्या वरणात मिळतो. म्हणून नुसती भाकरी-चटणी नको, डाळ रोज हवी. तिळाने, शेवग्याच्या पाल्याने हाडांना चुना मिळतो. पालेभाजीवर लिंबू पिळले तर त्यातले लोह अंगी लागते. पण ‘बी-१२’ हे जीवनसत्त्व वनस्पतींच्या अन्नातून पुरेसे मिळत नाही. ते कमी पडले तर रक्त कमी होते, हातापायांना मुंग्या येतात, मज्जातंतूंना इजा होते. दूध अजिबात सोडणाऱ्याने वैद्यकीय सल्ल्याने त्याच्या गोळ्या घ्याव्यात. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि लहान मूल यांच्या बाबतीत तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सोडू नये. औषधाला नाही म्हणणे ही भक्ती नव्हे.

मग दूध सोडावे की नाही? पहाटे लोणी-साखरेचा नैवेद्य घेणाऱ्या पांडुरंगाच्या दारी उभे राहून आम्ही दुधाला अपवित्र म्हणणार नाही. पण हेही लपविणार नाही की गाय व्याल्याशिवाय दूध नाही, आणि दूध तिच्या पान्ह्यात येते ते वासरासाठी. ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्ह्याला दावणीला जागा राहिली नाही. आपण दूध घेतले, आणि त्याचे पुढे काय झाले हे विचारलेच नाही, तर पेल्यातले पाप आपल्यालाही लागते. ज्याला सोडावेसे वाटते त्याने आनंदाने सोडावे, मात्र घेणाऱ्याला हिणवू नये. जो घेतो त्याने आधी वासराचा वाटा द्यावा, मग घरातल्या लेकराचा, आजाऱ्याचा, आणि उरले तर आपला. गोऱ्हा झाला तरी त्याला सांभाळावे.

राहिला काल्याचा प्रश्न. काला म्हणजे सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र करणे. कोणाची भाकरी थोर, कोणाची हीन, हे त्यात उरत नाही. तिथे आपला वेगळेपणा मिरविला तर काला मोडला. आणि एका लेकराला त्याच्या दयेपायी बाहेर ठेवले तरीही काला मोडला.

पौर्णिमेला आम्ही काला करणाऱ्या मंडळींना विनंती केली की दही कालविण्याआधी मूठभर लाह्या बाजूला ठेवा. त्या आजीच्या ओंजळीत दिल्या. तिने त्या माथ्याला लावल्या, नातवाच्या हातावर ठेवल्या आणि म्हणाली, “घे बाबा, द्येवाचंच हाय.” त्याने त्या खाल्ल्या आणि आजीच्या पायावर डोके ठेवले. पुढे ती आम्हाला हळूच म्हणाली, “महाराज, घरी दोन म्हशी हायती. सून पारड्याला किती सोडती, ते आता गेल्यावर बगते.”

आम्हाला आमच्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळाले. आपणही आज संध्याकाळी धार काढल्यावर चुलीपाशी जाण्याआधी एकदा गोठ्यात जाऊन यावे, एवढीच विनंती.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!