दयेला कायद्याचे अधिष्ठान : भारतीय रेडक्रॉस सोसायटीची स्थापना

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. हंगामात पंचक्रोशीतील शेतकरी तोडलेला माल येथे आणतात. वजन होते, भाव ठरतो आणि हिशेब हाती पडतो. शेतकऱ्याचा विश्वास व्यापाऱ्याच्या शब्दावर असतो, तसाच तो काट्यावर आणि पावतीवरही असतो. परंतु विकलेल्या मालाचा हिशेब चोख मागणारा हाच शेतकरी, दूरच्या गावी भूकंप झाला किंवा पूर आला की पायलीभर धान्य किंवा शंभर रुपये देताना बहुधा काहीच विचारत नाही. दान देणाऱ्याने हिशेब विचारू नये, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे.

मराठवाड्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप अनुभवला. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि मदतीचा ओघ चहूबाजूंनी सुरू झाला. अशा प्रत्येक प्रसंगी काही प्रश्न मागे उरतात. जमा झालेले द्रव्य नेमके कोणाच्या मालकीचे? ते कोणत्या कामावर खर्च व्हावे, हे कोणी ठरवावे? संकट ओसरल्यावर शिल्लक राहिली तर तिचे काय करावे? गोळा करणारी माणसे पांगली तर जबाबदारी कोणावर? हेच प्रश्न १९२० साली देशाच्या पातळीवर उभे राहिले होते आणि त्यांच्या उत्तरातूनच भारतीय रेडक्रॉस सोसायटीचा जन्म झाला.

रणांगणावरील धडा

रेडक्रॉसच्या चळवळीचा उगम युरोपातील एका लढाईत आहे. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीतील सॉल्फेरिनो येथे फ्रेंच व सार्डिनियन सैन्याची ऑस्ट्रियन सैन्याशी गाठ पडली. हजारो जखमी सैनिक शुश्रूषेवाचून तडफडत होते. व्यापाराच्या कामासाठी त्या भागात आलेल्या हेन्री ड्युनांट या जिनीव्हाच्या गृहस्थाने जवळच्या गावातील स्त्रियांना हाताशी धरून, शत्रुमित्र असा भेद न करता, जखमींची सेवा केली. १८६२ साली त्याने या अनुभवावर पुस्तक लिहून दोन सूचना मांडल्या. प्रत्येक देशात जखमींच्या सेवेसाठी शांततेच्या काळातच स्वयंसेवी संस्था स्थापन व्हावी, ही पहिली. आणि या सेवेला आंतरराष्ट्रीय कराराने संरक्षण मिळावे, ही दुसरी. १८६३ मध्ये जिनीव्हात समिती स्थापन झाली आणि २२ ऑगस्ट १८६४ रोजी पहिल्या जिनीव्हा करारावर बारा राष्ट्रांनी सह्या केल्या.

या दोन सूचनांमध्येच पुढील सर्व व्यवस्थेचे बीज आहे. सेवाभाव संकटाच्या क्षणी आपोआप उसळून येतो. मात्र त्याला लागणारी तयारी, साधने आणि अधिकार संकटापूर्वीच सिद्ध असावे लागतात, हे ड्युनांटने ओळखले होते.

पुणे डिव्हिजनची व्यथा

हा धडा न शिकल्यास काय घडते, याची प्रचीती महाराष्ट्रातील घरांना पहिल्या महायुद्धात आली. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढणाऱ्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या वाटेवर टेसिफॉन येथे झालेल्या लढाईत या सैन्याचे चार हजारांहून अधिक जवान मृत वा जखमी झाले. जखमींना नेण्यासाठी पुरेशा रुग्णवाहिका नव्हत्या. स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून धक्के खात त्यांना तैग्रिस नदीकाठी आणले गेले आणि तेथून दाटीवाटीने बोटींत घालून बसऱ्याला पाठविले गेले. कित्येकांच्या जखमा अनेक दिवस उघडल्याही गेल्या नाहीत. पुढे कूट येथे वेढ्यात सापडलेल्या या सैन्याने २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली. वैद्यकीय व्यवस्थेतील या अक्षम्य उणिवांची चौकशी होऊन १९१७ साली मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला.

सरकारी यंत्रणा जेथे अपुरी पडली, तेथे लोकांनी दिलेले पैसे, कपडे, औषधे व अन्य वस्तू उपयोगी पडल्या. भारतात त्या काळी स्वतंत्र रेडक्रॉस संस्था नव्हती. सेंट जॉन ॲम्ब्युलन्सची भारतीय शाखा आणि ब्रिटिश रेडक्रॉस यांची संयुक्त युद्ध समिती हे काम पाहत होती.

शिलकीचा प्रश्न

१९१८ च्या नोव्हेंबरात युद्ध थांबले. समितीकडे लोकांनी जखमी सैनिकांसाठी दिलेल्या रकमा व देणग्या होत्या. पण समिती केवळ युद्धकाळापुरती होती. शिल्लक द्रव्य वाटून टाकावे तर तो दात्यांचा विश्वासघात ठरला असता. तसेच पडू द्यावे, तर त्या वेळच्या हिंदुस्थानात दुःखाला तोटा नव्हता. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने देशात एक कोटीहून अधिक बळी घेतले होते. त्याच सुमारास जागतिक विचारही बदलत होता. १९१९ च्या मे महिन्यात पॅरिस येथे रेडक्रॉस संस्थांचा संघ स्थापन झाला. राष्ट्रसंघाच्या सनदेतील २५ व्या कलमानेही आरोग्यसुधारणा, रोगप्रतिबंध व दुःखनिवारण यांसाठी राष्ट्रीय रेडक्रॉस संस्थांना उत्तेजन देण्याचे सदस्य राष्ट्रांनी मान्य केले. हिंदुस्थान हा राष्ट्रसंघाचा सदस्य होता.

या पार्श्वभूमीवर, संयुक्त युद्ध समितीचे अध्यक्ष आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद सर क्लॉड हिल यांनी ३ मार्च १९२० रोजी केंद्रीय विधिमंडळात भारतीय रेडक्रॉस सोसायटीचे विधेयक मांडले. १७ मार्च रोजी ते संमत झाले आणि २० मार्च रोजी गव्हर्नर जनरलची मान्यता मिळून १९२० चा १५ वा अधिनियम अस्तित्वात आला. ७ जून १९२० रोजी पन्नास सभासदांची रीतसर नियुक्ती करण्यात आली. त्यांच्यामधून पहिले व्यवस्थापक मंडळ निवडले गेले व सर माल्कम हेली हे त्याचे अध्यक्ष झाले.

कायद्याने काय साधले?

या लहानशा कायद्याने चार गोष्टी साधल्या.

पहिली गोष्ट म्हणजे दानाला मालक मिळाला. सोसायटीला कायद्याने स्वतंत्र व्यक्तित्व दिले. अखंड परंपरा, स्वतःची मोहोर, मालमत्ता धारण करण्याचा अधिकार आणि न्यायालयात दावा लावण्याची तसेच दाव्याला उत्तर देण्याची पात्रता तिला लाभली. माणसे बदलली तरी संस्था टिकते आणि तिला जाब विचारता येतो, तो या तरतुदीमुळे. संयुक्त समितीकडील निधी या संस्थेकडे आला.

दुसरी, खर्चाला मर्यादा पडली. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत निधी कोणत्या कामांवर वापरता येईल हे नमूद आहे. आजारी व जखमी सैनिकांची देखभाल, क्षयरोग्यांची शुश्रूषा, बालकल्याण, रुग्णालयांसाठी कपडे इत्यादी तयार करणारी पथके, परिचर्या आणि आरोग्यकार्यास साहाय्य अशी ती कामे होत. पदाधिकाऱ्यांच्या लहरीनुसार हा पैसा अन्यत्र वळविता येत नाही.

तिसरी, सेवेचे क्षेत्र विस्तारले. दुःख व आजार यांचे निवारण, ते युद्धामुळे उद्भवलेले असो वा नसो, करण्याची मुभा कायद्याने दिली. सैनिकासाठी दिलेले दान सामान्य बाळंतिणीच्या आणि क्षयरोग्याच्या कामी येण्याचा मार्ग यामुळे खुला झाला. पाचगणीच्या बेल-एअर रुग्णालयाचे उदाहरण येथे देता येईल. १९१२ मध्ये क्षयरोग्यांसाठी सुरू झालेले हे आरोग्यधाम पुढे रेडक्रॉसच्या छत्राखाली आले.

चौथी, शाखांची व्यवस्था झाली. प्रांतिक व जिल्हा समित्यांद्वारे सोसायटीचे काम देशभर पोहोचविण्याची आणि समान उद्दिष्टांच्या संस्थांना जोडून घेण्याची तरतूद झाली. १९२९ साली आंतरराष्ट्रीय समितीने सोसायटीला मान्यता दिली.

मंडळ आणि राष्ट्रीय सोसायटी

यासाठी स्वतंत्र कायदा कशाला हवा, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. गावातील तरुण मंडळ, वाचनालय किंवा देवस्थान यांची नोंदणी १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम किंवा आजचा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली होऊ शकते. सात माणसे एकत्र आली की संस्था नोंदविता येते. एकाच गावी अशा दहा संस्था असल्यासही हरकत नसते.

राष्ट्रीय रेडक्रॉस सोसायटीची गोष्ट निराळी आहे. १९४८ मध्ये स्टॉकहोम येथे ठरलेल्या मान्यतेच्या अटींनुसार, एका देशात अशी एकच संस्था असावी लागते; त्या देशाच्या सरकारने तिला सार्वजनिक अधिकाऱ्यांची साहाय्यक स्वयंसेवी संस्था म्हणून रीतसर मान्यता दिलेली असावी लागते; आणि तरीही ती स्वायत्त असावी लागते. १९६५ च्या व्हिएन्ना परिषदेने जाहीर केलेल्या मानवता, निःपक्षपात, तटस्थता, स्वातंत्र्य, स्वयंसेवा, एकता आणि विश्वव्यापकता या सात तत्त्वांचाही हाच आशय आहे. म्हणूनच नवी राष्ट्रे जन्मास येतात तेव्हा त्यांना असा कायदा लवकर करावा लागतो. बांगलादेशने १९७३ साली राष्ट्रपतींच्या आदेशाने आपली सोसायटी स्थापन केली, ती याच कारणाने.

साहाय्यक असणे आणि स्वायत्त असणे, या दोहोंचा मेळ घालणे सोपे नाही. भारताचे राष्ट्रपती हे भारतीय सोसायटीचे अध्यक्ष असतात. व्यवस्थापक मंडळाचे सभापती व सहा सदस्य राष्ट्रपतींकडून नियुक्त होतात, तर बारा सदस्य राज्य व केंद्रशासित प्रदेशांच्या शाखांकडून निवडून येतात. शासनाचे पाठबळ आणि सभासदांचा आवाज यांचा तोल अशा रीतीने राखण्याचा प्रयत्न आहे. तोल एका बाजूला ढळला तर संस्था सरकारी खाते बनेल. दुसऱ्या बाजूला ढळला तर संकटाच्या वेळी तिला रस्ता, वाहन किंवा परवाना मिळणार नाही. सभासद जागरूक असतील तरच हा तोल टिकतो, कारण निवडणाऱ्यांनी पाठ फिरविली तर कायद्यातील तरतूद कागदावरच राहते.

चिन्ह सर्वांचे, पण वापर मर्यादित

पांढऱ्या पार्श्वभूमीवरील लाल क्रॉस हे वैद्यकीय व्यवसायाचे चिन्ह आहे, असा गैरसमज खेड्यापाड्यांतून व शहरांतूनही आढळतो. दवाखान्याची पाटी, औषधाचे दुकान, खाजगी रुग्णवाहिका यांवर ते सर्रास रंगविले जाते. वस्तुतः स्वित्झर्लंडच्या ध्वजाचे रंग उलटवून तयार केलेले हे संरक्षक चिन्ह आहे. त्याला धार्मिक अर्थ नाही. रणांगणावर ते दिसले की गोळीबार करणाऱ्याने हात आवरावा, हा त्याचा हेतू होय. भारताने संमत केलेल्या जिनीव्हा करार अधिनियम, १९६० अन्वये केंद्र शासनाच्या परवानगीवाचून हे चिन्ह किंवा ‘रेडक्रॉस’ हे नाव कोणत्याही कारणासाठी वापरण्यास मनाई आहे. उल्लंघनास पाचशे रुपयांपर्यंत दंड असून, ज्या मालावर चिन्ह वापरले असेल तो जप्तही होऊ शकतो.

दंडाची रक्कम लहान असली तरी तत्त्व मोठे आहे. मिरचीच्या बाजारात ज्याने त्याने आपले वजनमाप आणले, तर काट्यावरचा विश्वास उडेल. तद्वतच जो तो हे चिन्ह लावू लागला, तर ऐन संकटात त्याची ओळख पटणार नाही आणि त्याची किंमत एखाद्या जखमीला अथवा त्याला उचलणाऱ्या स्वयंसेवकाला प्राणाने मोजावी लागेल.

गावापर्यंत आलेली वाट

१९२० साली हा कायदा झाला, तेव्हा पिंपळगाव रेणुकाई निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि केंद्रीय विधिमंडळाचे कायदे तेथे चालत नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. आज देशातील हजारांहून अधिक जिल्हा व उपजिल्हा शाखांच्या जाळ्यातून सोसायटी कार्य करते. शाळांतील ज्युनिअर रेडक्रॉस व महाविद्यालयांतील यूथ रेडक्रॉस ही तिची तरुण अंगे होत. प्रथमोपचाराचे शिक्षण आणि रक्तदान ही कामे तर कोणत्याही गावातून होऊ शकतात.

याचा लाभ घेणे ग्रामस्थांच्या हाती आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना प्रथमोपचार शिकवावा, तरुणांनी जिल्हा शाखेचे सभासदत्व घ्यावे, रीतसर पावती घेऊन देणगी द्यावी आणि वर्षअखेरीस तिचा विनियोग विचारावा. दान देणाऱ्याने हिशेब विचारल्यास दानाचे पुण्य कमी होत नाही. उलट पुढच्या संकटात ज्याला मदतीची गरज पडणार आहे, त्याचा वाटा त्यामुळे सुरक्षित राहतो. मेसोपोटेमियातील जखमींसाठी दिलेल्या दानाला १९२० साली कायद्याने घर मिळवून दिले. त्या घराचा हिशेब पाहण्याचा हक्क सामान्य सभासदाचा आहे आणि ते नांदते ठेवण्याचे कर्तव्यही त्याचेच आहे.