फुकटातला दलाल आणि घराची विक्री

व्यापारी बांधवांना दलाली म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, ग्रे कापडाचा सौदा दलालाशिवाय क्वचितच होतो. दलाल दोन्ही पार्ट्यांना ओळखतो, भाव जमवतो आणि आपली दलाली घेतो. आता समजा एखादा दलाल पेढीवर येऊन म्हणाला, "शेठ, तुमचा माल मी विकून देतो, दलाली एक पैसाही नको," तर आपण काय करू? आधी चहा पाजू आणि मग विचारू, "भाई, तुझे घर कशावर चालते?"

इंग्लंडमध्ये घरविक्रीच्या धंद्यात असे दलाल गेल्या काही वर्षांत उभे राहिले आहेत. त्यांचे दुकान रस्त्यावर नाही, इंटरनेटवर आहे. घर विकणाऱ्याकडून ते फी घेत नाहीत. हा विषय आपल्या पानावर घेण्याचे कारण असे की, कोकणातील बऱ्याच कुटुंबांची घरे तिकडे आहेत. पहिली पिढी आता म्हातारी झाली, काहीजण अल्लाला प्यारे झाले, आणि घरे वारसांच्या नावावर येत आहेत. वारसांतला एखादा रत्नागिरीत किंवा मुंबईत बसलेला असतो. त्याला तिकडून फोन येतो की, अमुक कंपनी फुकटात घर विकून देते, तुझी मंजुरी दे. मंजुरी देण्यापूर्वी हा हिशेब त्याला माहीत असावा.

तिकडची जुनी पद्धत सोपी आहे. गावातल्या बाजारपेठेत एस्टेट एजंटचे दुकान असते. तो घर पाहतो, किंमत सांगतो, फोटो काढतो, गिऱ्हाईक घेऊन येतो, आणि घर विकले गेले तरच साधारण एक ते दीड टक्का घेतो. त्यावर 20 टक्के व्हॅट वेगळा. घर विकले नाही तर बहुतेक वेळा काही द्यावे लागत नाही. घेणाऱ्याकडून दलाली नाही. आपल्याकडे दोन्ही बाजूंनी घेतात, तसे तिथे नाही.

या धंद्यात पर्पलब्रिक्स नावाची कंपनी 2014 मध्ये उतरली. तिने टक्केवारी मोडली आणि ठराविक रक्कम घेणे सुरू केले. घर दोन लाख पौंडांचे असो की दहा लाखांचे, फी तेवढीच. मात्र ही फी घर विकले गेले नाही तरी भरावी लागे. लोकांना ते स्वस्त वाटले. कंपनी 2015 च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या शेअरबाजारात आली आणि 2017 मध्ये तिची किंमत एक अब्ज पौंडांच्या वर गेली. मग तिने ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडा असा पसारा वाढवला आणि तो आवरताना मोठा तोटा खाल्ला. 2023 मध्ये तिचा सगळा धंदा स्ट्राइक नावाच्या कंपनीने विकत घेतला. किंमत किती? 1 पौंड. देणी मात्र अंगावर घेतली. ही स्ट्राइक आधीपासून फुकटात घरे विकून देणारी होती. त्यानंतर पर्पलब्रिक्सनेही विकणाऱ्याची मूळ फी काढून टाकली.

एक पौंडाचा सौदा वाचून हसू येईल, पण त्यात धंद्याचा धडा आहे. जी फी माल विकला न विकला तरी मिळते, ती घेणाऱ्याचे लक्ष नवीन पार्टी आणण्याकडे राहते, जुन्या पार्टीचा माल खपवण्याकडे राहत नाही. विकणाऱ्यांची मोठी तक्रार हीच होती.

कमाई कुठून होते?

फुकट दलालाची पहिली कमाई वकिलाच्या कामातून होते. इंग्लंडमध्ये घराची मालकी बदलण्यासाठी दोन्ही बाजूंना वकील किंवा या कामाचा परवानाधारक लागतो. कंपनी आपल्या यादीतला वकील सुचवते आणि त्याच्याकडून कमिशन घेते. दुसरी कमाई गहाण कर्जाची. घर घेणारा कर्ज काढणारच, ते आमच्यामार्फत काढ असे त्याला सांगितले जाते. तिसरी कमाई वरच्या कामांची: गिऱ्हाइकाला घर दाखवायला माणूस हवा असेल तर पैसे, जाहिरात वर दिसायला हवी असेल तर पैसे.

म्हणजे आपण जी दलाली वाचवली म्हणतो, तिचा बराच भाग व्याजी कर्जाच्या दलालीतून भरून निघतो. ज्याला या गोष्टीचा विचार करायचा असेल त्याने तो करावा. मी फक्त रकमेचा उगम सांगितला.

यात बेकायदा काही नाही. फक्त कमिशन मिळते हे कंपनीने सांगितले पाहिजे. 1991 पासून तिकडे असा नियम आहे की, आमच्याकडून कर्ज घेत नाही म्हणून एखाद्या गिऱ्हाइकाला एजंटाने मागे टाकता कामा नये, आणि आलेली प्रत्येक ऑफर विकणाऱ्याला ताबडतोब लेखी कळवली पाहिजे. म्हणून मी सांगतो, कंपनीकडे दर आठवड्याला सर्व ऑफरींची यादी मागा. कमी भावाची असली तरी मागा. आणि वकील तिच्याच यादीतला घेतला पाहिजे अशी अट आहे का ते करारात वाचा. दोन बाहेरच्या वकिलांचा भाव काढून तफावत पाहा. कित्येकदा फुकटचा खर्च तिथेच वसूल झालेला दिसतो.

एक गोष्ट मला या सगळ्यात फार मजेची वाटली. तिकडे घर शोधणारा माणूस सर्वात आधी राइटमूव्ह नावाच्या संकेतस्थळावर जातो. तिथे घरमालकाला स्वतः जाहिरात टाकता येत नाही, एजंटामार्फतच टाकावी लागते. एजंट त्यासाठी दरमहा सरासरी हजार पौंडांहून जास्त भरतो. राइटमूव्हच्या शंभर पौंडांच्या उत्पन्नात जवळपास सत्तर पौंड नफा असतो. दलाल आपसात फीवरून भांडतात, कोणी फुकटात काम करतो, कोणी एक पौंडाला विकला जातो, आणि चौकाचा मालक बसून भाडे मोजतो. ज्यांचे गाळे मोठ्या मार्केटात आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. फुकट एजंट घेण्याचा खरा फायदाही हाच की, त्या चौकात आपला माल मांडायला मिळतो.

आता रकमेचा हिशेब करू. घर 2,40,000 पौंडांचे आहे. सव्वा टक्का दलाली म्हणजे 3,000 आणि व्हॅट 600, एकूण 3,600 पौंड. ही बचत घराच्या किमतीच्या दीड टक्का आहे. म्हणजे फुकट एजंटाकडून घर दीड टक्का कमी भावाने गेले, तर बचत शून्य. कापडात मीटरमागे आठ आणे सुटले तर आपण पार्टी बदलतो, आणि घराच्या सौद्यात दीड टक्का कुठे गेला ते कळतही नाही.

पण दुकानवाला एजंट आपला हमदर्द आहे असेही समजू नये. त्याने महिनाभर थांबून आपल्याला 10,000 पौंड जास्त मिळवून दिले, तर त्याच्या हाती फक्त 125 पौंड जास्त पडतात. त्यालाही सौदा लवकर उरकायचा असतो. शिवाय काम मिळवण्यासाठी आधी भाव फुगवून सांगायचा आणि सहा आठवड्यांनी "बाजार थंड आहे" म्हणून उतरवायला लावायचा, ही खोड दोन्ही प्रकारच्या एजंटांत आहे. यावर उपाय फुकट आणि खरोखर चांगला आहे. इंग्लंड आणि वेल्समधले घर कितीला विकले गेले याची 1995 पासूनची नोंद सरकारी लँड रजिस्ट्रीत कोणालाही पाहता येते. त्याच गल्लीतली, तशाच खोल्यांची, मागच्या वर्षभरात गेलेली चार घरे काढा. इथे बसून काढता येतात. कोणाच्या तोंडाकडे पाहण्याची गरज नाही.

सौदा ठरल्यानंतर

माझ्या मते सगळी गोम इथे आहे. कपड्याचा चांगला दलाल गिऱ्हाईक आणतो म्हणून चांगला नसतो. माल उतरल्यावर पार्टी म्हणते पन्हा कमी भरला, ताक्यात डाग आहेत, वजन कमी आहे. तेव्हा मधे बसून जो तोडगा काढतो आणि मुद्दतीला रक्कम आणून देतो, तो दलाल.

इंग्लंडमध्ये ऑफर मान्य झाली म्हणजे सौदा पक्का झाला असे नाही. दोन्ही वकिलांनी करार एकमेकांना देईपर्यंत कोणीही माघार घेऊ शकतो, दंड नाही. बयाना, साधारण दहा टक्के, त्या दिवशी दिला जातो. ऑफरपासून त्या दिवसापर्यंत महिने जातात. मधे घराची तपासणी होते, नगरपालिकेची कागदपत्रे मागवली जातात, घेणाऱ्याचे स्वतःचे घर विकले जायचे असते, आणि त्याचे घर घेणाऱ्याचेही. अशी साखळी असते. एक कडी तुटली की सगळे थांबते. या काळात रोज फोन करून कडी धरून ठेवणे हे एजंटाचे खरे काम. दुकानवाल्याला त्याची टक्केवारी घर गेल्यावरच मिळायची असते म्हणून तो फोन करतो. फुकट कंपनीत हे काम एखाद्या दूरच्या कार्यालयातला माणूस पाहतो, त्याच्याकडे अशा कित्येक फायली असतात.

आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाने वडिलांचे घर असेच फुकट कंपनीमार्फत काढले. सुरुवात झकास झाली. फोटो चांगले, आठ दिवसांत अकरा लोक पाहून गेले, 2,40,000 ची ऑफर आली. तीन महिन्यांनी, करार व्हायच्या आठवड्यात, घेणाऱ्याने भिंतीतल्या ओलीचे कारण काढून 8,000 पौंड कमी करा असे कळवले. कंपनीने तो निरोप ई-मेलने जसाच्या तसा पुढे पाठवला. मधे बोलणारा कोणी नाही. मोठ्या भावाने स्वतः फोन लावला, चिडून बोलला, आणि शेवटी 5,000 सोडून सौदा केला. बहीण इथून म्हणाली, "भाईजान, ओल होती तर पहिल्या दिवशीच सांगायची होती. तेव्हा हजारात मिटले असते." मला बहिणीचे म्हणणे पटते. आपण डागी ताका वेगळा काढून दाखवतो तेव्हा भाव तुटत नाही. गिऱ्हाइकाने तो स्वतः शोधला की तो सगळ्या गाठीवर सूट मागतो.

म्हणून मी असे म्हणेन: घर साधे, भाव गल्लीत ठरलेला, घेणारा रोखीचा किंवा पहिल्यांदाच घर घेणारा, आणि घरातला कोणी शहाणा माणूस तिथे राहून फोन उचलणारा असेल, तर फुकट एजंट जरूर घ्यावा. घर जुने, भाडेपट्ट्याच्या जमिनीवरचे, किंवा वारस चार देशांत विखुरलेले असतील, तर टक्केवारी देऊन जबाबदार माणूस बांधलेला बरा. आणि टक्केवारीवरही घासाघीस होते. फुकट कंपनीचा कागद समोर ठेवला की दुकानवाला पाव टक्का उतरतो.

इथे बसलेल्या वारसासाठी काही गोष्टी. घर मयताच्या नावावर असेल तर जाहिरात आधी टाकता येते, पण प्रोबेटशिवाय विक्री पूर्ण होत नाही. मुखत्यारपत्र पाठवायचे असेल तर नोटरी आणि अपोस्टील करून, आणि मसुदा तिकडच्या वकिलाकडून मागवून. इंग्लंडबाहेर राहणाऱ्याने तिकडचे घर विकले तर विक्री पूर्ण झाल्यापासून 60 दिवसांत तिकडच्या कर खात्याला कळवावे लागते, कर निघत नसला तरी. येथील रहिवाशाला इथल्या विवरणपत्रातही परदेशी मालमत्तेचा तपशील द्यावा लागतो.

रिकामे घर आणि परदेशातला मालक ही ठगांची आवडती जागा आहे. लँड रजिस्ट्रीची प्रॉपर्टी अलर्ट सेवा फुकट आहे. त्या घराच्या नोंदीत कोणी हालचाल केली की ई-मेल येतो. आणि विक्रीच्या शेवटच्या दिवसांत "आमचे बँक खाते बदलले आहे" असा वकिलाच्या नावाने मेल आला, तर त्यावर विश्वास न ठेवता जुन्या, आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करावा. असे मेल पाठवून घराची पूर्ण रक्कम पळवल्याचे प्रकार तिकडे झालेले आहेत.

एजंटाविषयी तक्रार असेल तर आधी कंपनीला लेखी द्यावी. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर लोकपालाकडे जाता येते, त्याची फी नाही. प्रत्येक एजंटाला अशा लोकपाल योजनेचा सभासद व्हावेच लागते. करार करतानाच कोणत्या योजनेचा सभासद आहे ते विचारून घ्यावे, तसेच मधेच घर काढून घेतले तर किती दिवसांची नोटीस आणि किती पैसे, हेही.

आपल्याकडची गोष्ट निराळी आहे. इथल्या संकेतस्थळांवर मालक स्वतः फुकटात जाहिरात टाकू शकतो, एजंटाची गरज नाही. फक्त तिथे आपण आपला मोबाइल नंबर देतो. पहिले दहा फोन बहुधा दलालांचेच येतात, "शेठ, पार्टी तयार आहे" म्हणून. त्यांना पार्टीला घेऊन यायला सांगा आणि दलाली कोण देणार ते फोनवरच ठरवा. जाहिरात टाकण्यापूर्वी इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीचा बाकी नसल्याचा दाखला एका फाइलमध्ये लावून ठेवा.