जमिनीची प्रत आणि रोगाशीं झुंज

आम्हीं आपली सारी नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत घालविली. क्षेत्र, प्रत, आकार व पिकाची आणेवारी हीं सदरें भरतां भरतां केस पिकले. परंतु त्या जमिनीचें धान्य खाणाऱ्याच्या अंगीं रोगाशीं झुंजण्याचें बळ किती येईल, हें सांगणारें सदर त्यांत कोठेंच नव्हतें. हें बळ ज्या द्रव्यांवर अवलंबून असतें, त्यांपैकीं सेलेनियम या एकाचा येथें विचार करूं.

हें मूलद्रव्य स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांस 1817 सालीं सांपडलें. पुष्कळ काळ तें केवळ विष समजलें जाई. अत्यल्प प्रमाणांत तें जीवनास अवश्य आहे, हें 1957 सालीं उंदरांवरील प्रयोगांनीं कळून आलें. मोठ्या माणसास रोज सुमारें 55 मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या दहा लाख भागांपैकीं अवघे 55 भाग पुरतात. तें मातींतून पिकांत व पिकांतून आपल्या शरीरांत येतें. मातींतच त्याचा तुटवडा असेल, तर दाणा टपोरा दिसूनही त्यांत तें कमीच उतरतें.

रोगजंतु शरीरांत शिरले कीं रक्तांतील पांढऱ्या पेशी त्यांवर तुटून पडतात. या झुंजींत प्राणवायूचीं दाहक संयुगें निर्माण होतात. तीं जंतूंस मारतात, पण आवर न घातल्यास आपल्याच पेशींस जाळतात. शेतांतील काडीकचरा पेटवितांना शहाणा शेतकरी बांधावर पाणी घेऊन गडी उभा करतो. शरीरांत त्या गड्याचें काम कांहीं प्रथिनें करतात, व सेलेनियमवांचून तीं प्रथिनें तयार होत नाहींत.

याचें ठळक उदाहरण चीन देशांतील आहे. त्या देशाच्या ईशान्येस केशान नांवाचा परगणा आहे. तेथें 1935 सालीं हृदयाचे स्नायु निकामी करणाऱ्या एका रोगाची सांथ नोंदली गेली, व त्या रोगास केशानचेंच नांव पडलें. मुलें व तरुण स्त्रिया त्यास विशेष बळी पडत. ईशान्येपासून नैऋत्येपर्यंत पसरलेल्या ज्या पट्ट्यांत हा रोग होता, तेथील जमिनींत सेलेनियम फारच थोडें आढळलें. नैऋत्येकडील सिचुआन प्रांतांत 1974 सालीं 4510 मुलांस सेलेनियमच्या गोळ्या दिल्या. त्यांपैकीं 10 मुलांस रोग झाला. गोळ्या न दिलेल्या 3985 मुलांपैकीं मात्र 54 जणांस झाला.

तथापि हा रोग ऋतूप्रमाणें व वर्षाप्रमाणें कमीजास्त होई. केवळ मातीच्या उणिवेनें याचा उलगडा होईना. रोग्यांच्या शरीरांत कॉक्सॅकी नांवाचा विषाणु मिळाला होता. तेव्हां मेलिंडा बेक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंत उंदरांवर प्रयोग केले. या विषाणूचा एक निरुपद्रवी प्रकार सेलेनियमहीन आहारावरील उंदरांस टोंचतांच त्यांचीं हृदयें बिघडलीं. त्या उंदरांतून काढलेला विषाणु पुढें चांगल्या आहारावरील उंदरांस टोंचला, तों त्यांसही इजा झाली! विषाणूची मूळ घडणच पालटली होती, हें 1995 सालीं प्रसिद्ध झालें. माणसांतही नेहमीं असेंच घडतें असें यावरून ठरत नाहीं. परंतु शेजाऱ्याच्या ताटांतील उणीव ही केवळ त्याचीच बाब आहे, असें समजणाऱ्यानें या प्रयोगाचा विचार अवश्य करावा.

फिनलंड देशानें 1984 सालीं रासायनिक खतांतच सेलेनियम मिसळण्याचें ठरविलें, व तेथील धान्यांत व दुधांत तें वाढलें. मात्र अति तेथें माती, हें विसरूं नये. पंजाबांतील कांहीं जमिनींत तें फाजील आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत 2024 च्या अखेरीस शेगांव तालुक्यांतील अनेकांचे केस एकाएकीं गळूं लागले, तेव्हां डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं शिधावाटपाच्या गव्हांतील जास्त सेलेनियमकडे बोट दाखविलें.

सबब आमची सूचना इतकीच कीं, मातीची परीक्षा केल्यावांचून हें द्रव्य शेतांत घालूं नये, व वैद्यकीय सल्ल्यावांचून त्याच्या गोळ्या घेऊं नयेत. संसर्ग झाल्यावर सेलेनियम हें औषध नव्हे. एकाच धान्यावर न राहतां डाळी, दूध, व चालत असल्यास अंडीं व मासे आहारांत ठेवावे. आपल्या घरीं व आपल्या गड्यांच्या घरीं ताटांत काय पडतें, याचीही आणेवारी शेतकरी बंधूंनीं दरसाल करावी.