आचार समितीचा खर्च कोणी मंजूर करायचा?

लोकप्रतिनिधींच्या वर्तनावर देखरेख कोणी ठेवावी, याची चर्चा राज्यशास्त्राच्या वर्गात पुष्कळ होते. त्या देखरेखीचा खर्च कोणी मंजूर करावा, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. हिशेबाचा विषय रुक्ष खरा. पण संस्थेचा जीव बहुधा त्यातच असतो. या दृष्टीने अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे.

या गृहाने १९६७ साली सभासदांच्या आचरणासाठी स्थायी समिती नेमली. तीत दोन्ही पक्षांचे सभासद समसमान असतात व नोकरवर्ग पक्षनिरपेक्ष असावा असा नियम आहे. मात्र इतर समित्यांप्रमाणेच दर दोन वर्षांनी तिलाही आपली मागणी गृहप्रशासन समितीपुढे मांडावी लागते आणि अखेर गृहाच्या ठरावानेच पैसा मिळतो. म्हणजे ज्यांची चौकशी व्हायची, तेच चौकशी करणाऱ्या वकिलांचा पगार ठरवितात!

२००८ मध्ये प्राथमिक चौकशीसाठी एक निराळे कार्यालय निघाले. त्याच्या मंडळावर विद्यमान सभासद नसतात. पण पैसा गृहाच्या वार्षिक विनियोजनातूनच येतो. जुलै २०११ मध्ये मेल वॉट या सभासदाने या कार्यालयाचा निधी सुमारे ४० टक्के कमी करावा अशी दुरुस्ती मांडली. याच कार्यालयाने पूर्वी त्यांची व इतर काही सभासदांची चौकशी केली होती. वॉट यांचे प्रकरण मिटवावे अशी शिफारसही त्यानेच केली होती. निर्दोष ठरलेल्या माणसालाही चौकशीची झळ लागते, हे येथे मान्य केले पाहिजे. दुरुस्ती १०२ विरुद्ध ३०२ मतांनी फेटाळली गेली. तरी १०२ हा आकडा लहान नव्हे.

जानेवारी २०१७ मध्ये बहुमतवाल्या पक्षाने बंद दाराआड याच कार्यालयाचे अधिकार छाटण्याचे ठरविले, तेव्हा एवढा गदारोळ झाला की दुसऱ्याच दिवशी बेत सोडावा लागला. निधी कमी करताना असा गदारोळ क्वचितच होतो. कित्येकदा कपातही करावी लागत नाही. महागाई वाढत असता रक्कम तेवढीच ठेवली की पुरे.

आपल्याकडे राज्यसभेची आचार समिती १९९७ साली स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष महाराष्ट्राचे शंकरराव चव्हाण. लोकसभेत अशी समिती २००० साली आली. राज्यघटनेच्या ९८ व्या अनुच्छेदाप्रमाणे प्रत्येक सभागृहाला स्वतंत्र सचिवालय आहे आणि समितीचे कामकाज तेच पाहते. त्यामुळे एकट्या आचार समितीचा निधी तोडा, असा प्रस्ताव येण्याचा प्रसंग येत नाही, ही सोय आहे. पण समितीला पुरेसे तपासनीस व वकील द्यावेत की नाहीत, यावर सभासदांना उघड मतही द्यावे लागत नाही. अमेरिकेतील ते १०२ जण कोण, हे कामकाजाच्या छापील वृत्तांतात कोणालाही वाचता येते.