वकिलीची सनद एकच, मग कर्ज किती?

प्रश्न : मुलीला बारावीनंतर कायदा शिकायचा आहे. कर्ज काढून गांधीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात पाठवावं, की सुरतेतच शिकवावं? – एक पालक, गोडादरा

उत्तर : मुलीला पुढे कोणतं काम करायचंय, त्यावर हे ठरवा. मान्यताप्राप्त पदवी कुठलीही असो, नावनोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षेनंतर वकिलीचा हक्क सारखाच मिळतो. फरक पडतो तो हप्त्याने. समजा, 10 टक्के व्याजाने 12 लाखांचं कर्ज घेतलं, तर 10 वर्षं दरमहा सुमारे 15,900 रुपये भरावे लागतील. शिकताना साचलेलं व्याज वेगळं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 मध्ये शहरातल्या कनिष्ठ वकिलांसाठी किमान 20,000 रुपये विद्यावेतन सुचवलं, पण ती शिफारसच आहे. तेवढं मिळालं तरी हातात चार हजार उरतील. सुरतेच्या जिल्हा न्यायालयात वकिली करायची असेल, तर हे ओझं घेऊ नका.

मोठ्या संस्थेतून मोठी नोकरी मिळते, असं कुणी म्हणेल. ते खरंच आहे; नामांकित लॉ फर्म तिथे भरतीला येतात. पण निवड सगळ्यांची होत नाही, हप्ता मात्र प्रत्येकाला भरावाच लागतो. म्हणून सर्वांत मोठ्या पॅकेजऐवजी मधल्या विद्यार्थ्याला किती पगार मिळतो, ते संस्थेला विचारा. कॉर्पोरेट कामाची ओढ पक्की असेल आणि शिष्यवृत्तीने कर्ज निम्म्यावर येत असेल, तर जरूर पाठवा. नाहीतर सुरतेत शिकू द्या. वाचलेल्या पैशातून अहमदाबादच्या उच्च न्यायालयातली इंटर्नशिप होईल, आणि खालच्या कोर्टात लागणारी कायद्याची गुजरातीही पक्की होईल.